सरकारी उधळपट्टी रोखायला राज्याचा वेगळा आयोग हवा का?

दहिसरकर
नमस्कार मंडळी,
अमेरिकेत जानेवारी २०२५ ला ते डोज, म्हणजे इलॉन मस्कचं सरकारी खर्च आणि माणसं कापणारं पथक, सुरू झालं तेव्हा इथे दोन-तीन धागे निघाले होते, पण त्यात मस्क चांगला का वाईट यावरच मारामारी झाली आणि मुद्दा राहिला बाजूला. मस्कने आधी दोन ट्रिलियन डॉलर वाचवतो म्हणून सांगितलं, मग एक, मग दीडशे अब्जावर आला आणि मे संपता संपता स्वतःच बाहेर पडला. ते सोडा. मला इंटरेस्टिंग वाटलं ते हे की त्यांच्या राज्यांनीही आपापलं काढलं, फ्लोरिडाने फेब्रुवारीतच टास्क फोर्स केला, ओक्लाहोमा, आयोवानेही त्याच महिन्यात काढलं. म्हणजे राज्याच्या पातळीवर एक छोटी बॉडी, काम एकच, सरकारी पैसा कुठे फुकट जातोय ते शोधायचं आणि कामं पटापट कशी होतील ते बघायचं.

आपल्याकडे असं काही का नको? मार्च २०२५ ला मांडलेलं राज्याचं बजेट सात लाख कोटींच्या वर, महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेलंय. यातले दोन टक्के जरी वाचले तरी चौदा हजार कोटी होतात राव. मंत्रालयातल्या नाहीतर पालिकेतल्या कुणी इथे असेल तर लिहा. राजकीय पक्षांवरून भांडायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

खवचटखान
आयोगाला आधी ऑफिस लागेल, नरिमन पॉइंटलाच. अध्यक्षांना मंत्रीपदाचा दर्जा, गाडी, ड्रायव्हर, दोन शिपाई, खुर्चीला पांढरा टॉवेल. लोगो बनवायला कन्सल्टंट. पहिल्या वर्षाची बचत मायनसमध्ये :)

सोनचाफा
टॉवेल, लोल. उद्घाटनाचे बॅनर राहिले की.

बेस्ट_३३२
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_लेखा
दहिसरकर, तळमळ कळली. पण तुम्ही जे काम सांगताय ते करणारे आजही आहेत आणि भरपूर आहेत. कॅगचे, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे, महालेखाकार मुंबईत आणि नागपुरात. विधिमंडळाची लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायत राज समिती. जिल्हा परिषदा, नगरपालिकांना स्थानिक निधी लेखापरीक्षा. मुंबई महापालिकेला तर १८८८ च्या कायद्यानेच स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक दिलेला आहे.

माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली त्यामुळे पुढे काय होतं ते सांगतो. ऑडिट पार्टी येते, कागद बघते, अर्धसमास म्हणजे लेखी शंका काढते. त्याला उत्तर द्यायचं असतं. उत्तर पटलं नाही की त्याचा पॅरा, म्हणजे नोंदवलेला आक्षेप, होतो आणि तो निरीक्षण अहवालात जातो. मग पत्र येतं, अनुपालन सादर करा. ज्याच्या काळातला पॅरा त्याची बदली झालेली असते, नवीन साहेब म्हणतात माझ्या वेळचं नाही, रेकॉर्ड मिळत नाही असं कळवून टाका. पॅरा मोठा असेल तर कॅगच्या छापील अहवालात येतो, तो अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात एक कॉलम आणि संपलं. मग कधीतरी लोकलेखा समिती सचिवांची साक्ष लावते, तोवर ज्याने सही केली तो पेन्शनवर आणि ठेकेदाराची अनामत रक्कमसुद्धा परत गेलेली.

उधळपट्टी कुठे झाली हे सरकारला माहीत नाही असं नाहीच. लिहून ठेवलेलं आहे, पॅरा नंबरसकट. नवीन आयोग येऊन तेच परत लिहिणार असेल तर मला त्यात रस नाही.

अनू_ठाणे
काका, जबरदस्त प्रतिसाद. एक विचारू का, वसुली होतच नाही का कधी?

निवृत्त_लेखा
होते हो, क्लार्कच्या पगारातून होते. घरभाडे भत्ता जास्त गेला, प्रवासभत्त्याचं बिल चुकलं, अशी वसुली अगदी चोख.

पूलपुराण
मी सिव्हिलवाला, खाजगीत आहे पण सरकारी कामांच्या आसपासच आयुष्य गेलंय. आयोगवाल्यांची नेहमी एक गडबड असते, ते स्टेशनरी, चहापाणी, गाड्यांचं डिझेल असलं बघत बसतात. खरा पैसा जातो तो दोन खात्यांच्या मधल्या फटीत.

अंधेरीचा गोखले पूल घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली आणि अख्ख्या मुंबईने बघितलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली आणि हा वर, मध्ये दीड-दोन मीटरचं अंतर. रेल्वेला रुळांवर जास्त उंची हवी होती म्हणून नवीन पूल वर गेला, पण त्याला जोडलेल्या जुन्या पुलाचं काय करायचं हे वेळेत कुणी ठरवलंच नाही. मग जॅक लावून जुना पूल उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोडला. इंजिनिअरिंग म्हणून ते काम चांगलंच झालं, पण तो खर्च आणि ते महिने कुणाच्या नावावर टाकायचे? रेल्वेच्या हिशोबात सगळं बरोबर, पालिकेच्याही हिशोबात बरोबर. कुठल्या ऑडिट पार्टीला एकेकाची फाईल बघून हे दिसणार होतं?

मुंबईत पालिका, एमएमआरडीए, एमएसआरडीसी, पीडब्ल्यूडी, म्हाडा, रेल्वे, पोर्ट, प्रत्येकाचं इंजिनिअरिंग खातं वेगळं. दोन्ही एक्स्प्रेस हायवे २०२२ मध्ये पालिकेकडे आले, त्याआधी खड्डा कुणाचा हे शोधण्यातच पावसाळा जायचा.

सातरस्ता_सुनील
पूलपुराण, मोनोला विसरलात होय. आमच्या घराच्या खिडकीतून दिसते. म्हणजे दिसायची. चेंबूर-वडाळा फेब्रुवारी २०१४, पुढे सातरस्त्यापर्यंत मार्च २०१९, वीसेक किलोमीटर. गर्दी जिथे आहे तिथे जात नाही आणि जिथे जाते तिथे गर्दी नाही. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात म्हैसूर कॉलनीजवळ अडकली तेव्हा मात्र एवढी माणसं चढली की वजन झेपेना, कारण हार्बर बंद होती. अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवले लोक. सप्टेंबरपासून सेवा बंदच केली, नवीन गाड्या आणि सिग्नल बसवायचं म्हणून.

माझा प्रश्न असा की तुमचा हा आयोग २००८ साली असता तर त्याने मोनो थांबवली असती का? कागदावर प्रवासीसंख्या फार छान होती.

खवचटखान
कागदावरच्या प्रवाशांना तिकीट लागत नाही.

सोनचाफा
स्कायवॉक पण घ्या यादीत. वांद्र्याचा पहिला, २००८ चा, आधी बांधला मग धोकादायक म्हणून बंद, मग पाडला, मग परत बांधायला घेतला. आमच्या इथल्या स्कायवॉकवर माणसांपेक्षा कबुतरं जास्त.

मास्तर_पालघर
मी शिक्षक. मोठ्या कोटींचं मला कळत नाही. पण वेळेची उधळपट्टी कुणी मोजणार असेल तर आयोगाला माझा पाठिंबा आणि वरून घरचे चिकू. एकच माहिती पोर्टलवर भरायची, तीच एक्सेलमध्ये केंद्रप्रमुखांना, तीच परत गुगल फॉर्मवर, आणि तीच व्हॉट्सअॅपवर "अतितात्काळ, आज दुपारी १ पर्यंत" म्हणून. एकदा आम्ही शाळेतल्या झाडांची संख्या कळवली, पुढच्या आठवड्यात त्याच झाडांचे फोटो मागितले, मग फोटोत अक्षांश-रेखांश हवेत म्हणून परत काढायला लावले. चौथीच्या पोरांनी तोवर आपापली खिचडी खाऊन कबड्डी सुरू केलेली. हा पगार वाया गेला की नाही सांगा? कुठल्या पॅऱ्यात येतो का हा?

टेबल_७
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी आत काम करतो, खातं सांगत नाही.

पहिलं म्हणजे सरकारात माणसं जास्त झालीयत हा समज डोक्यातून काढा. मंजूर पदं सात लाखांच्या वर, त्यातली लाखो रिकामी. भरती करायची तर सुधारित आकृतीबंध, म्हणजे कुठली किती पदं हवीत तो तक्ता, वित्त विभागाकडून मंजूर हवा, तो करायला जी माणसं लागतात तीच पदं रिकामी. मग बाह्यस्रोताने डेटा एंट्रीवाले घ्यायचे, त्यांना काम शिकवायचं, अकरा महिन्यांनी ठेका बदलला की परत पहिल्यापासून. डोजसारखी कपात इथे केलीत तर उद्या तुमच्या दाखल्यावर सही करायला कुणी उरणार नाही.

दुसरं, मार्च. मास्तरांचं खरंय पण मार्चमध्ये आमच्याकडे या एकदा. वर्षभर निधी बीडीएसवर (निधीवाटपाची ऑनलाइन प्रणाली) येत नाही, आला तर साठ टक्केच, आणि उरलेला ३१ मार्चच्या रात्री पडतो. खर्च नाही केला तर समर्पित, म्हणजे परत, करायचा आणि पुढच्या वर्षी ऐकायचं की तुम्हाला गरजच नव्हती, तुमची तरतूद कमी. मग काय करणार, प्रिंटर घेतात. खुर्च्या घेतात. नाहीतर पैसे काढून कुठल्यातरी महामंडळाच्या खात्यात नेऊन ठेवतात म्हणजे कागदावर खर्च झाला. कॅग दरवर्षी यावर लिहितं, उपयोगिता प्रमाणपत्रं बाकी आहेत म्हणूनही लिहितं. जो काटकसर करतो त्याचीच तरतूद कापायची असा नियम असल्यावर काटकसर कोण करेल? हे आयोगाने नाही बदलत, वित्त विभागाने निधी सोडायची पद्धत बदलली की बदलतं.

तिसरं, ई-ऑफिसबद्दल लोक हसतात पण ते आल्यापासून फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडलीय ते तरी दिसतं. (काही साहेब अजून प्रिंट काढून वाचतात, शेरा पेनने लिहितात आणि मग ते पान स्कॅन. असो.)

बेस्ट_३३२
टेबल_७ यांना दंडवत. त्या पडून राहिलेल्या प्रिंटरांचं आत्मचरित्र कुणीतरी लिहा.

गिरगावची_आजी
शंकरराव चव्हाणांचं झीरो बजेट कुणाला आठवतंय का इथे? १९८६. गेल्या वर्षी एवढे दिले म्हणून यंदा दहा टक्के वाढवून द्या असं चालणार नाही, प्रत्येक खात्याने पहिल्या रुपयापासून सांगायचं की ही योजना का हवी. आमचे हे तेव्हा सचिवालयात, म्हणजे मंत्रालयात, आमच्या तोंडी अजून सचिवालयच आहे. घरी फाईली घेऊन यायचे आणि चिडचिड करायचे की जुनी योजना बंद करायची म्हटली की दहा आमदार दारात. शंकररावांना हेडमास्तर म्हणायचे ते उगाच नाही. पुढे ते गेले दिल्लीला आणि तो प्रकार मागे पडला. तेव्हा नवीन आयोग नव्हता काढला हो, मुख्यमंत्रीच मागे लागले होते.

दहिसरकर
आजी, हे खरंच माहीत नव्हतं, थँक्यू.

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो. यंत्रणा आहेत हे मान्य, पण त्या सगळ्या खर्च होऊन गेल्यावर येतात. मला खर्चाच्या आधी अडवणारं कुणीतरी हवंय. आता कुणी म्हणेल राज्याने २०२२ मध्ये मित्रा काढलीय, नीती आयोगाच्या धर्तीवर. पण मित्रा सल्ला देते, नवीन काय करावं ते सांगते. जुनं काय बंद करावं हे सांगणारं कुणी नाही. आणि पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटवर वरून मागितलेले पैसे, बघा, २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या होत्या. बजेट जूनच्या शेवटी मांडलं आणि थोड्याच दिवसांत त्यावर एवढी पुरवणी. घरात असा हिशोब केला तर बायको हाकलून देईल.

अनू_ठाणे
कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते, लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिना १५००. नंतर पडताळणीत २६ लाखांवर खाती अपात्र म्हणून थांबवली, त्यात सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या, पुरुषांच्या नावाने पण पैसे गेलेले निघाले. ही पडताळणी आधी करता आली नसती का? आधार सगळ्यांकडे, सरकारी पगार सेवार्थ प्रणालीवर, गाड्या आरटीओकडे. तीन याद्या एकमेकींवर ठेवायच्या एवढंच काम.

संपादक_मंडळ
योजना चांगली की वाईट यावर चर्चा या धाग्यात नको. पडताळणी, खर्च, यंत्रणा एवढंच ठेवा. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

खवचटखान
बघा, इथली कार्यक्षमता.

सातरस्ता_सुनील
अनूताई, निवडणुकीच्या आधी याद्या एकमेकींवर कोण ठेवतं? एवढंच लिहितो, नाहीतर मीही उडेन.

तात्या_ऑस्टिन
मूळचा दादरचा, आता बरीच वर्षं टेक्सासात. इथलं थोडं लिहितो कारण डोजवरून सगळे राज्यांबद्दल बोलतायत पण इथल्या राज्यांत हे प्रकार फार जुने आहेत. डोजच्या वेबसाईटवर तर सुरुवातीला ८० लाख डॉलरचं एक कंत्राट ८ अब्ज म्हणून बचतीत धरलेलं होतं, पेपरवाल्यांनी पकडलं. गाजावाजा करायचा तर असंच होणार.

टेक्सासात १९७७ पासून सनसेट कमिशन आहे. बहुतेक सरकारी संस्थांच्या कायद्यातच मरणाची तारीख लिहिलेली असते, साधारण बारा वर्षांनी. ती तारीख जवळ आली की कमिशन त्या संस्थेची तपासणी करतं, लोकांना बोलावून ऐकतं, आणि विधिमंडळाने नव्याने कायदा करून जगवली नाही तर संस्था बंद. म्हणजे बंद करण्यासाठी कुणाला हिंमत करावी लागत नाही, चालू ठेवण्यासाठी हात वर करावा लागतो. कमिशनमध्ये बहुतेक दोन्ही सभागृहांचे आमदारच, एक-दोन बाहेरचे. कॅलिफोर्नियात १९६२ पासून लिटल हूवर कमिशन आहे, ते स्वतंत्र, दोन्ही पक्षांची माणसं, पण ते फक्त शिफारशी करतं.

दहिसरकर, तुम्हाला डोजपेक्षा हे सनसेट जास्त जवळचं वाटेल.

दहिसरकर
तात्या, एक नंबर! हेच पाहिजे. आपल्याकडे महामंडळं किती, त्यातली चालू किती, हिशोब लिहिलेली किती.

निवृत्त_लेखा
हिशोबाचं विचारू नका. काही महामंडळांचे ताळेबंद वर्षानुवर्षं थकलेले असतात आणि कॅगच्या प्रत्येक अहवालात त्याचं कोष्टक असतं. अध्यक्षपद मात्र रिकामं राहिलं की लगेच बातमी होते, कारण नाराज माणसाला कुठेतरी बसवायचं असतं.

खवचटखान
आपल्याकडे त्या बारा वर्षांची तेरा होतील, मग शासन निर्णय येईल, "सदर मंडळास पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे."

वऱ्हाडी_मुंबईत
खवचटभाऊ, हसू नका, एकदा खरंच संपली होती मुदत. वैधानिक विकास मंडळं. १९९४ ला झाली, विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र. दर वेळी मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला नाही मिळाली, संपली. मग काय झालं, पुन्हा हवीत म्हणून मागणी, २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने परत करायचं ठरवलं. आता ती मंडळं असण्याचा फायदा होता की नाही यावर आमच्या घरातच दोन तट आहेत, पण अनुशेष मोजणारं दुसरं कुणी नव्हतं हेही खरं. तुमचा मुंबईतला आयोग 'वाया जाणारी' मंडळं शोधायला बसला की पहिला नंबर आमचाच लागणार नाही कशावरून? गडचिरोलीची एसटी तोट्यात, दोन-अंकी पटसंख्येची शाळा महाग. हिशोबाने बघितलं तर आम्हीच उधळपट्टी.

मास्तर_पालघर
वऱ्हाडीभाऊंना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या शाळांचंही हेच. कमी पट म्हणून बंद करा असा सूर दर दोन-तीन वर्षांनी लागतो. पोरगी डोंगर उतरून पाच किलोमीटर जाणार का हे कुठल्या एक्सेलमध्ये लिहितात?

पूलपुराण
हा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता इतका नेमका आहे. पण म्हणून काहीच मोजायचं नाही असं नको. मोनोला आणि मोखाड्याच्या शाळेला एकच फुटपट्टी लावू नका एवढं.

आयसीयू_सिस्टर
रात्रपाळी संपवून वाचतेय सगळं. एका सरकारी रुग्णालयात होते तेव्हा मोठं मशीन आलं, पूजा झाली, फोटो झाले. चालवायला टेक्निशियनचं पद मंजूर नव्हतं. त्या खोलीत नंतर सलाइनचे बॉक्स ठेवायला लागलो. खरेदी एका खात्याची, पद दुसऱ्याचं, वायरिंग तिसऱ्याचं. वॉरंटी संपल्यावर माणूस आला. पूलपुराण म्हणतायत ती फट हीच.

बेस्ट_३३२
सिस्टर, पूजेचा नारळ तरी कामी आला असेल.

टेबल_७
१०० दिवसांच्या कार्यक्रमाबद्दल कुणी लिहिलं नाही. २०२५ च्या सुरुवातीला कार्यालयांना सांगितलं होतं, वेबसाईट सुधारा, जुनं रेकॉर्ड निर्लेखित करा म्हणजे निकाली काढा, भंगार गाड्या काढा, स्वच्छतागृहं नीट करा. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने गुण दिले आणि १ मे ला निकाल जाहीर झाला. आम्हीही आधी चेष्टाच केली. पण आमच्या मजल्यावरची कपाटं पहिल्यांदा भिंतीपासून हलली, मागे १९९० च्या आधीचे गठ्ठे आणि एक सायकल निघाली. कुणाची ते अजून कळलं नाही. नवीन कायदा नाही, आयोग नाही, फक्त वरून कुणीतरी दर आठवड्याला विचारत होतं.

गिरगावची_आजी
तेच म्हणते मी. हेडमास्तर पाहिजे.

तात्या_ऑस्टिन
आजी, हेडमास्तर बदलून जातो हाच तर प्रॉब्लेम आहे. शंकरराव गेले आणि झीरो बजेटही गेलं असं तुम्हीच लिहिलंत.

निवृत्त_लेखा
आता मूळ प्रश्नावर येतो, कारण दहिसरकर बिचारे वाट बघतायत. आयोग काढायचाच तर त्याला शोधायचं काम देऊ नका. जे पॅरे आधीच लिहिलेले आहेत ते घ्या. प्रत्येक पॅरा, खातं, रक्कम, कधीपासून उत्तर नाही, आता त्या खुर्चीत कोण, हे सगळं मराठीत वेबसाईटवर. लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्याला उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद २०१५ पासून आहे, तशीच पॅऱ्याला उत्तर न देणाऱ्यालाही लावा. रक्कम छोटी असली तरी चालेल, सेवापुस्तकात नोंद व्हायची भीती मोठी असते. आणि तात्यांचं ते मरण कायद्यातच लिहा, सहा वर्षं, मुदतवाढ नाही.

माणसं पंचवीस-तीसच्या वर नकोत. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी नको, ज्यांच्या सह्या त्या पॅऱ्यांवर आहेत तेच परत तपासायला बसतील.

दहिसरकर
काका, याला मी सही करतो. पण खर्चाआधी अडवण्याचं काय? गोखले आणि मोनो तर यात येतच नाहीत.

निवृत्त_लेखा
नाही येत. ते अडवायचं काम आमदार-नगरसेवकांचं. मुंबई पालिकेत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, स्थायी समिती नव्हती, ७४ हजार कोटींचं बजेट प्रशासकाने स्वतःच मांडलं आणि स्वतःच मंजूर केलं. तेव्हा यातल्या किती जणांनी आरडाओरडा केला?

सोनचाफा
स्थायी समिती असताना काय दिवे लावले होते म्हणा.

टेबल_७
काकांचा आराखडा चांगला आहे, एकच शंका. ती पंचवीस-तीस माणसं प्रतिनियुक्तीवरच येणार ना? आमच्या शाखेतून मागतील, साहेब चांगला माणूस सोडणार नाहीत, ज्याला टाळायचंय त्याला पाठवतील. आणि पॅऱ्यांची उत्तरं लिहायला मागे आम्हीच उरणार, सहाच्या जागी तिघं.

खवचटखान
मग आयोगासाठी सुधारित आकृतीबंध सादर करा, वित्त विभागाच्या अभिप्रायासाठी.

दहिसरकर
खवचट, गप बस रे दोन मिनिटं. टेबल_७, बाहेरून घेतले तर? सीए, कॉस्ट अकाउंटंट, तीन वर्षांच्या करारावर, सरळ परीक्षा घेऊन?

टेबल_७
चालेल. पण त्यांना फाईल कोण दाखवणार हे शासन निर्णयात आधी लिहून घ्या. नाहीतर तेही माहितीच्या अधिकारात अर्ज करत बसतील.